शेजारच्या माणसाच्या घामाचा वास: सांगावं का, आणि सांगायचं तर कसं

एप्रिलमधली दुपार, वर पत्रा, पंखा गरम हवा फिरवतोय. आमच्यातल्या एकीनं टेबलाचा खण उघडला, तर आत वर्तमानपत्रात गुंडाळलेली साबणाची वडी. चिठ्ठी नव्हती, नाव नव्हतं. तिनं ती वडी हातात घेतली, पुन्हा कागदात नीट गुंडाळली आणि पर्समध्ये टाकली. समोर आम्ही पाच जणी होतो आणि पाचही जणी मान खाली घालून बिलं तपासत होतो. त्या दिवसापासून ती आमच्यात डबा खायला बसली नाही. दीड महिन्यात तिनं नोकरी सोडली.

ती वडी मी ठेवली नव्हती. पण तिच्या अंगाला वास येतो हे मला तीन महिने माहीत होतं. त्यावर मी चहा पिताना इतरांशी बोलले होते, तिच्याशी मात्र अवाक्षर काढलं नव्हतं. पुढं जानेवारीत सोलापुरातल्या सिद्धेश्वराच्या गड्ड्यावर, म्हणजे जत्रेत, ती भेटली. पोरांना पाळण्यात बसवून आम्ही दोघी उभ्या होतो. तिनं विचारलं, "तुला माहीत होतं ना गं?" मी हो म्हणाले. ती म्हणाली, "मग?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं. नंतर शाळांचे आणि कंपन्यांचे गणवेश शिवणाऱ्या एका युनिटमध्ये ऑफिस आणि माणसं दोन्ही सांभाळायची वेळ आली, तेव्हा हा विषय पुन्हा पुन्हा समोर आला. काही वेळा मी नीट बोलले, काही वेळा चुकले. त्यातून जे हाताला लागलं ते इथं क्रमानं लिहिते आहे.

माझं मत आधीच सांगते. वास रोजचा असेल आणि चार माणसांच्या तोंडी तो विषय आला असेल, तर सांगावं. एकदाच, एकट्याला, एकाच माणसानं. कारण अगदी साधं आहे: सतत नाकाशी असलेला वास नाक काही वेळानं नोंदवायचंच थांबवतं. सूतगिरणीतल्या माणसाला सुताचा वास येत नाही, तसा स्वतःच्या घामाचाही येत नाही. त्याला खरोखरच माहीत नसतं. सगळ्या खात्याला माहीत आणि फक्त त्यालाच नाही, ही अवस्था माझ्या मते कुठल्याही अवघड बोलण्यापेक्षा वाईट.

आधी आठवडाभर थांबा

एका दिवसाच्या वासावरून काही बोलू नका. बस चुकली म्हणून माणूस सात रस्ता चौकापासून उन्हात चालत आलेला असतो. घरी रात्रभर कुणी आजारी असतं. चतुर्थी असो की रोजा, पोट रिकामं असलं की लाळ कमी सुटते आणि तोंडाला वास येतो. त्यात त्या माणसाचा दोष काय?

आणि सोलापुरात राहून पाण्याचा विचार न करता या विषयावर बोलणं मला पटत नाही. उजनी धरणाचं पाणी इथवर येतं, पण नळाला रोज येत नाही. वर्षानुवर्षं तीन-चार दिवसांआड, कधी पाचव्या दिवशी, आणि हद्दवाढ भागात तर अनेकदा अवेळी. ज्याच्या घरी दोन टाक्या आणि बोअर आहे, त्याचं पाणी आणि ज्याच्या घरी सहा माणसांत दोन बॅरल आहेत, त्याचं पाणी वेगळं. त्या दोन बॅरलमध्ये स्वयंपाक, भांडी, संडास, आंघोळ आणि शेवटी उरलं तर धुणं. उन्हाळ्यात पारा बेचाळीसच्या वर जातो तेव्हा अंगातून पाणी धारेनं जातं आणि बॅरलमधलं तळाला गेलेलं असतं. म्हणून आठवडाभर बघा. चार दिवसांतून एकदाच वास येत असेल आणि तो पाणी येण्याच्या आदल्या दिवशी येत असेल, तर तो पाण्याचा प्रश्न आहे. तो तुम्ही त्याला सांगून सुटणार नाही.

वास त्याच माणसाचा आहे ना, हेही तपासा. आमच्याकडं एका शिलाईवाल्यावर महिनाभर कुजबूज चालली होती. त्याच्या मशीनमागं पावसाळ्यात भिजलेला कापडाचा गठ्ठा होता. गठ्ठा हलवला, विषय संपला. त्या महिन्यात त्या माणसाकडं लोकांनी ज्या नजरेनं बघितलं, ते मात्र परत घेता आलं नाही.

वास कसला आहे ते ओळखा

ही पायरी लोक गाळतात, आणि इथंच सगळं चुकतं. प्रत्येक वास "आंघोळ करत नाही" या एकाच खात्यात टाकला जातो.

मुळात ताज्या घामाला जवळपास वास नसतो. अंगावर वीस ते चाळीस लाख घर्मग्रंथी असतात, त्यातल्या बहुतेक नुसतं खारट पाणी सोडतात. काखेत आणि जांघेत दुसऱ्या प्रकारच्या ग्रंथी असतात, त्या वयात आल्यावर कामाला लागतात. त्यांचा घाम जरा दाट, त्यात स्निग्ध पदार्थ आणि प्रथिनं. कातडीवरचे जिवाणू ते खातात आणि त्यातून तो उग्र, आंबूस वास तयार होतो. म्हणून लहान पोरं दिवसभर खेळून घामाघूम झाली तरी त्यांना तसा वास येत नाही, आणि म्हणूनच सकाळी आंघोळ करून आलेल्या माणसाला दुपारी तीनला वास येऊ शकतो. दुपारनंतर वाढत जाणारा वास हा काखेचा.

सकाळी कामावर येतानाच येतो तो कुबट वास वेगळा. अंग स्वच्छ असतं, वास कपड्यांचा किंवा टॉवेलचा असतो. कपडा तासन् तास ओला राहिला की त्यात जिवाणू वाढतात. कोरडा झाल्यावर वास दबतो, पुन्हा घामानं ओला झाला की उठतो. पॉलिस्टर मिश्रित कापडात हा त्रास जास्त, कारण अंगाचं तेल पॉलिस्टरला धरून बसतं आणि साध्या धुण्यानं सुटत नाही. बहुतेक कंपन्यांचे गणवेश याच कापडाचे असतात, हे मी रोज बघते.

तंबाखूचा वास आला म्हणून माणूस तंबाखू खातो असं समजू नका. सोलापुरात हजारो बायका घरात बसून विड्या वळतात. एका खोलीच्या घरात सूप, पानं, तंबाखू आणि वाळत घातलेले कपडे एकत्रच असतात. तो वास दोरीवरच्या शर्टात शिरतो आणि त्या घरातलं पोर कॉलेजात, ऑफिसात तो घेऊन जातं. यंत्रमागावर काम करणाऱ्याच्या कपड्याला मशीनच्या तेलाचा, डाईंगमधल्या माणसाला रंगाचा आणि रसायनांचा वास असतो. हा कामाचा वास आहे आणि तो घालवायची सोय कामाच्याच जागी हवी.

पायांचा वास बहुतेकदा बंद सेफ्टी शूज आणि नायलॉनच्या मोज्यांचा. तोंडाचा वास बहुधा हिरड्या, किडलेले दात आणि जिभेवरचा थर यांचा. त्याला दाताचा डॉक्टर हवा. आणि एक वास असा, की त्याबद्दल बायका एकमेकींशीसुद्धा बोलत नाहीत. बाळंतपणानंतर किंवा वय वाढल्यावर खोकताना, हसताना, ओझं उचलताना लघवीचे थेंब जातात. कामावर नीट संडास-बाथरूम नसलं की ती बाई दिवसभर पाणीच पीत नाही, लघवी दाट होते, वास वाढतो. ती कमालीची स्वच्छ असू शकते. तिला साबण देणं हा अन्याय आहे. तिला स्त्रीरोगतज्ज्ञाकडं जायला सांगणारी मैत्रीण हवी, कारण या त्रासावर व्यायाम आहेत, उपचार आहेत.

सांगायचं कुणी

सर्वांत जवळच्या, सर्वांत कमी अधिकाराच्या माणसानं. ज्याच्यासोबत तो चहा पितो त्यानं. बाईला बाईनं, पुरुषाला पुरुषानं. पुरुष साहेबानं एकट्या बाईला केबिनमध्ये बोलावून तिच्या शरीराबद्दल बोलणं, हेतू कितीही चांगला असला तरी, तिला भीती घालणारं असतं. अशा वेळी एखाद्या समजूतदार बाईवर ते सोपवावं आणि साहेबानं नंतर विचारपूसही करू नये. उलट बाजूनंही तेच. पुरुषाला बाई सांगणार असेल, तर ती वयानं मोठी, ताई किंवा मावशी म्हणावी अशी हवी.

दोघांनी मिळून सांगू नका. दोन माणसं समोर उभी राहिली की ती पंचायत होते.

भाषेचं बघा. आपल्या कारखान्यांत मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी चारही चालतात. ज्या भाषेत तो घरी बोलतो त्या भाषेत सांगणारा मिळाला तर उत्तम. पण अर्थ सांगायला तिसऱ्याला सोबत नेऊ नका, मोडक्यातोडक्या मराठीत का होईना, दोघांतच राहू दे.

निनावी चिठ्ठी, खणात साबण, टेबलावर डिओची बाटली, ग्रुपवर "स्वच्छतेचं महत्त्व" असा मेसेज, नोटीस बोर्डावर सगळ्यांसाठी म्हणून लावलेली सूचना: यातलं काहीही करू नका. सगळ्यांसाठी लावलेली सूचना कुणासाठी आहे हे सगळ्यांना कळतं. ज्याच्यासाठी आहे त्याला एक तर कळत नाही, नाहीतर असं कळतं की आता सगळेच आपल्याविरुद्ध आहेत.

वेळ आणि जागा

सुटीच्या आदल्या दिवशी, काम संपताना. सकाळी सांगितलं तर तो माणूस आठ तास अंग चोरून बसेल, हे लक्षात ठेवा. संध्याकाळी सांगितलं की तो थेट घरी जातो, मध्ये एक दिवस मिळतो, कपडे धुता येतात, मनाची आग जरा शांत होते. मी तर त्याच्या भागात पाणी कधी येतं तेही बघते.

जागा अशी, की कुणी बघितलं तरी दोघं सहज बोलत उभे आहेत असं वाटावं. सायकल स्टँड, गेटपासून बस स्टॉपपर्यंतचा रस्ता. केबिनचं दार लावून घेतलं की बाहेरचे कान टवकारतात. चालता चालता बोलण्याचा एक फायदा आहे: एकमेकांच्या डोळ्यांत बघावं लागत नाही. लाज थोडी कमी होते.

शब्द

एक पोरगा होता, चेकिंग-पॅकिंगला. वीस-एकवीस वर्षांचा, कामाला वाघ. त्याच्या शेजारी बसायला मुली नको म्हणायच्या. पुरुष सुपरवायझर त्याच्यावर आधीच खेकसणारा, म्हणून मी ठरवलं की आपणच बोलायचं. शनिवारी संध्याकाळी गेटबाहेर निघालो तेव्हा मी म्हणाले,

"जरा दोन मिनिटं बोलू का? विषय अवघड आहे, पण तुझ्या कामाबद्दल नाही. काम तुझं चांगलंच आहे."

तो थांबला. "काय झालं ओ ताई?"

"गेले काही दिवस तुझ्या शर्टाला वास येतोय. घामाचा, जरा कुबट. आपला आपल्याला येत नाही, म्हणून तुला कळलं नसेल. मला कुणी सांगितलं नसतं तर मला वाईट वाटलं असतं, म्हणून मी सांगितलं."

तो खाली बघत राहिला. मग म्हणाला, "रोज आंघोळ करतो ओ ताई."

"माहीत आहे मला. म्हणूनच म्हणते, काहीतरी दुसरं असेल. बघूया."

एवढंच. तीस सेकंदही लागली नाहीत. त्या बोलण्यात काय होतं आणि काय टाळलं होतं ते सांगते.

पहिल्याच वाक्यात सांगितलं की नोकरीला धक्का नाही. आपल्याकडं "जरा बोलायचं होतं" असं कुणी म्हटलं की माणसाला काढून टाकल्याचीच भीती वाटते. ती आधी काढली.

वास "येतोय" म्हणाले, "मारतोय" म्हणाले नाही. मराठीत या दोन क्रियापदांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. "घाण", "घाणेरडा" हे शब्द तर तोंडातही आणू नका. "स्वच्छता ठेवत जा" हे वाक्य सौम्य वाटतं, पण त्याचा अर्थ "तू अस्वच्छ आहेस" असाच होतो.

"सगळे म्हणतात" असं म्हणाले नाही. मला जाणवलं, एवढंच. सगळ्यांची नावं निघाली की तो उद्यापासून प्रत्येक चेहऱ्यात आपली निंदा शोधणार.

"तुमच्याकडं" आणि "तुमच्यात" हे दोन शब्द मी कटाक्षानं टाळते. "तुमच्याकडं पाणी कमी असतं का", "तुमच्यात काय खातात" हे प्रश्न ऐकणाऱ्याच्या दृष्टीनं त्याची जात, धर्म, वस्ती यांच्यावर जाऊन पडतात, आणि वासावरून माणसाला खालचा ठरवायचा इतिहास आपल्या समाजात फार जुना आहे. लसूण, मेथी, मासे, मटण यांचा वास श्वासाला, घामाला थोडा वेळ येतो. तो कुणाच्याही घरात येतो. जेवणाचा विषय डॉक्टरनं काढावा, आपण नाही. तुमच्या मनात त्या माणसाच्या जातीबद्दल किंवा घराबद्दल काही खदखदत असेल, तर तुम्ही सांगणारे योग्य माणूस नाही. दुसऱ्याला सांगू द्या.

वास शर्टाचा होता म्हणून शर्ट म्हणाले. अंगाचा असता तर "अंगाला" म्हणाले असते. अवघड वाटतं म्हणून अंगाचा वास कपड्यावर ढकलला, तर तो बिचारा नवे कपडे घेतो आणि वास तिथंच राहतो.

वयानं मोठ्या माणसाशी बोलताना हेच, पण सुरुवात बदलते: "काका, लहान तोंडी मोठा घास होईल, राग मानू नका." मग मात्र आडवळण न घेता तेच वाक्य. मोठ्यांशी बोलताना आपण इतकं गोल गोल बोलतो की त्यांना वाटतं आपण उकाड्याबद्दल बोलतोय.

समोरून काय येईल

बहुतेक माणसं गप्प होतात. ती शांतता भरून काढायला जाऊ नका. पाठोपाठ पाच उपाय सुचवू नका, "वाईट वाटून घेऊ नकोस" असं चार वेळा म्हणू नका. त्याला वाईट वाटणारच. तेवढं वाटू द्या, आणि "चल, बस येईल तुझी" म्हणून निघा.

कुणी चिडतं: "तुम्हाला काय करायचंय?" उत्तर एकच, "बरोबर आहे, मला सांगावंसं वाटलं म्हणून सांगितलं." वाद घालू नका, पुरावे देऊ नका. चिडलेला माणूसही घरी जाऊन शर्ट नाकाला लावून बघतो.

कुणी रडतं. कुणी आजार सांगतं, आणि तेव्हा आपण फक्त ऐकायचं आणि ते कुठंही बोलायचं नाही, अगदी घरीसुद्धा.

त्या पोरानं सोमवारी मला गाठलं. सांगायला लागला: खोलीवर चार पोरं, एक खिडकी. पाणी चौथ्या दिवशी. गणवेशाचे शर्ट दोनच, एक अंगावर, एक ओला. आणि एक टॉवेल, जाड, आपल्या सोलापूरचाच, पाणी चांगलं टिपणारा. तो सकाळी आंघोळीनंतर खिळ्याला घडी घालून अडकवायचा आणि तो दुसऱ्या सकाळपर्यंत वाळायचाच नाही. म्हणजे हा पोरगा रोज स्वच्छ आंघोळ करून रोज कुबट टॉवेलनं अंग पुसत होता. मी त्याला माझ्याकडचा टॉवेल नाकाला लावून बघायला सांगितला, मग त्याचा. त्याचा चेहरा बदललेला मला दिसला. त्यानं पातळ पंचा घेतला, टॉवेल गच्चीवर उन्हात टाकायला लागला आणि आम्ही त्याला तिसरा शर्ट दिला. दोन आठवड्यांत मुली शेजारी बसायला लागल्या, त्यांना कारण कधी कळलं नाही.

तुम्ही मालक किंवा सुपरवायझर असाल तर

आधी आपल्या जागेकडं बघा. एक्झॉस्ट पंखे चालतात का? हात-पाय धुवायला नळ आहे का, आणि त्या नळाला दुपारी पाणी असतं का? घामाचे कपडे बदलायला, टांगायला जागा आहे का? बायकांना वेगळं, दाराला कडी असलेलं बाथरूम आहे का? कामगारांना धुण्याची पुरेशी सोय देणं हे उपकार नव्हेत. 1948 च्या कारखाने अधिनियमात त्यासाठी 42 वं कलम होतं, आणि 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्यविषयक संहितेतही ही जबाबदारी मालकाचीच आहे.

एका माणसामागं दोन गणवेश देऊन आठवडा चालवा म्हणणं सोलापूरच्या पाण्यात जमत नाही. तीन द्या, आणि कापडात सुताचं प्रमाण वाढवा. टाकीजवळ एक बादली, एक मग आणि साबण ठेवला तर माणसं जेवणाच्या सुटीत काख-मान धुऊन घेतात. हे मी डोळ्यांनी बघितलं आहे. एवढ्यानं निम्म्या तक्रारी संपतात आणि कुणाला एकटं पाडावं लागत नाही.

पगारवाढीच्या किंवा कामातल्या चुकांच्या चर्चेत हा विषय कधीही जोडू नका. आणि तक्रार घेऊन येणाऱ्यांना पहिल्याच दिवशी सांगा: तुम्ही मला सांगितलंत, आता हा विषय तुमच्या तोंडून पुन्हा निघता कामा नये.

त्यानं विचारलं तर हे सांगा

विचारल्यावरच. पाणी कमी असेल तर अर्ध्या बादलीत काम होतं: काख, जांघा, पाय आणि मान एवढ्याला साबण लावून मिनिटभर चोळायचं, बाकी अंगावर ओलं फडकं फिरवलं तरी चालतं. संध्याकाळी घरी गेल्यावर एक मग पाण्यात काख पुन्हा धुतली तर आणखी चांगलं. मग पूर्ण कोरडं करायचं. ओल्या अंगावर शर्ट चढवला की कष्ट वाया. काखेतले केस कमी केले की घाम आणि जिवाणू अडकून राहत नाहीत.

दुकानात मिळणाऱ्या बऱ्याच बॉडी स्प्रेत नुसता सुगंध असतो. घाम कमी करणारं हवं असेल तर "अँटीपर्स्पिरंट" लिहिलेलं घ्यावं, त्यात अॅल्युमिनियमचे क्षार असतात. ते रात्री, कोरड्या काखेला लावायचं. सकाळी घामावर लावून उपयोग कमी. स्वस्तात हवं तर तुरटी. धुतलेल्या ओल्या काखेवरून हलकी फिरवायची. नुकते केस काढले असतील तर त्या दिवशी नको, आग होते. खाण्याचा सोडा आणि लिंबू कातडीला लावू नये, काख सोलवटते.

कपड्याचं: शर्ट उलटा करून काखेच्या जागी आधी साबण घासायचा, मग धुण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्यात अर्धा तास भिजवायचा. कडक उन्हात उलटाच वाळवायचा. ऊन ही सोलापूरकराकडं फुकट असलेली गोष्ट आहे. न धुतलेल्या शर्टावर इस्त्री फिरवू नये, वास कापडात आणखी बसतो. बूट एक दिवसाआड वापरता आले तर बघावं, मोजे सुती आणि रोज धुतलेले.

डॉक्टरकडं कधी

स्वच्छता नीट असूनही वास जात नसेल, तर त्वचारोगतज्ज्ञ. सिव्हिल हॉस्पिटलमध्येही त्वचेचा विभाग आहे. थंडीतही तळहातांतून घाम ठिबकणं हा आजार आहे आणि त्यावर औषध आहे. काखेत, जांघेत पुन्हा पुन्हा गळवं येऊन वास येणारा पू जाणं, हाही वेगळा आजार आहे आणि त्याचा अस्वच्छतेशी संबंध नाही. अशा माणसाला आयुष्यभर "नीट आंघोळ कर" ऐकावं लागतं, याचं मला फार वाईट वाटतं. तळपायाला बारीक खड्डे पडून उग्र वास येत असेल तर तो जिवाणूंचा संसर्ग असतो, मलमानं बरा होतो. काहींच्या अंगाला माशासारखा वास येतो, कितीही धुतलं तरी. एक विशिष्ट रसायन शरीराला पचवता येत नाही म्हणून तसं होतं, आणि ते जन्मतःच असू शकतं.

रात्री अंथरूण भिजेल इतका घाम, सोबत ताप आणि वजन घटणं असेल तर क्षयरोगाची तपासणी करून घ्यावी. मधुमेह असलेल्या माणसाच्या श्वासाला पिकल्या फळासारखा किंवा नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखा गोडसर वास येत असेल, त्याला खूप तहान, उलट्या आणि धाप असेल, तर वाट बघू नका. त्याच वेळी दवाखान्यात न्या.

तुम्हालाच कुणी सांगितलं तर

त्या माणसावर रागावू नका. त्यानं बहुधा चार रात्री विचार करून तोंड उघडलं असेल. "बरं झालं सांगितलंस" एवढं म्हणता आलं तर म्हणा, नाही आलं तरी चालेल. घरी जाऊन घरातल्या एका विश्वासाच्या माणसाला विचारा, सकाळी आणि संध्याकाळी दोन्ही वेळा. आदल्या दिवशीचा शर्ट आणि वापरातला टॉवेल रात्रभर बाहेर ठेवून सकाळी ताज्या नाकानं हुंगून बघा.

आणि कुणीच काही म्हटलेलं नसताना आपल्याला वास येतो असं सतत वाटत असेल, कुणी नाक खाजवलं की ते आपल्यामुळंच असं वाटत असेल, दिवसातून चार-पाच वेळा आंघोळ होत असेल, माणसांत जाणं बंद झालं असेल, तर दोन विश्वासू माणसांना स्पष्ट विचारा. दोघंही नाही म्हणाली तरी मन मानत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञाला भेटा. तो त्रास खरा असतो, आणि त्यावरही उपचार असतात.